बी साइडचं शेवटचं गाणं

'अंडररेटेड' हा शब्द ऐकला की हल्ली मला मळमळतं. ज्यांनी तेव्हा ढुंकून पाहिलं नाही, त्यांच्याच जातकुळीतले लोक आता कॉफीचे घुटके घेत तो उच्चारतात. पण सांगायचंय ते माझ्या वडिलांबद्दल, धोंडिराम ढोलकीवाल्याबद्दल.

अण्णा भांडुपच्या एका कारखान्यात लेथवर होते. संध्याकाळी गायन पार्टीत ढोलकी वाजवायचे. जयंतीच्या महिन्यात नाहूरपासून घाटकोपरपर्यंत त्यांना बोलावणी असायची. बोलायला कमी, ढोलकी लावायला मात्र अर्धा तास घ्यायचे. पेटीवाल्याला पट्टीचा सूर धरायला लावायचे आणि ढोलकीची वादी ओढत, कान कातडी पुडीला लावून तो सूर जुळेपर्यंत बसून राहायचे. पार्टीचे गायक दादूमामा वैतागायचे, पण लोकांना सांगायचे, "आमचा धोंडिराम म्हणजे घड्याळ आहे घड्याळ."

आणि मी त्यांची मुलगी शीतल, मुलुंडच्या कॉलेजात रॉक बँडमध्ये गायचे. बँडचं नाव 'खड्डा'. ते आकाशचं डोकं. तो गिटार वाजवायचा. सत्त्याण्णव साली पदरमोड करून आम्ही अंधेरीच्या एमआयडीसीतल्या एका गाळ्यात कॅसेट रेकॉर्ड केली. बहुतेक गाणी इंग्रजी, धांगडधिंगा. शेवटचं एकच मराठी, माझं. त्यात ड्रम नको, ढोलकीच हवी असा मी हट्ट धरला. अण्णा फर्स्ट शिफ्ट करून तसेच आले, ढोलकी लावली आणि एका टेकमध्ये वाजवून निघाले.

बी साइड दीड मिनिटाने जास्त झाली. कॅसेट भरणारा माणूस म्हणाला, "शेवटचं गाणं काढा, नाहीतर बसवतो." आम्ही म्हटलं, बसवा. बसवतो म्हणजे काय करतो, हे आम्हा शहाण्यांपैकी एकानेही विचारलं नाही.

कॅसेट आली तशी दुकानांतून परतही आली. पण आमच्या कॉलनीत दादूमामांनी कौतुकाने ती मोठ्या टेपवर लावली. शेवटचं गाणं सुरू झालं आणि लोक हसू लागले. ढोलकी पळत होती, आणि मी तिच्यामागे फरफटत. "पोरीचा आवाज काय गोड लागलाय," बायका म्हणत होत्या, "पण हा ठेका कसला?"

दादूमामा म्हणाले, "धोंड्या, गाडी चुकत होती काय रे तुझी?"

मी एकवीस वर्षांची होते आणि तोंडाची फटकळ. चारचौघांत बोलले, "अण्णा, तुम्ही पळालात. तुमच्यामुळे वाट लागली गाण्याची."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. त्या जयंतीला त्यांनी पार्टीला 'येत नाही' म्हणून सांगितलं. बोटं दुखतात म्हणाले. ढोलकी खुंटीला गेली ती गेलीच. मला मात्र त्या गोड आवाजावर एका ऑर्केस्ट्रात जागा मिळाली. चार वर्षं गायले, मग लग्न झालं, मग शाळेच्या ऑफिसात चिकटले.

गेल्या महिन्यात शौनक नावाच्या तरुणाचा फोन आला. अंधेरीच्या एका कॅफेत तो जुन्या बँडची दुर्लक्षित गाणी ऐकवण्याचे कार्यक्रम करतो. घाटकोपरच्या रद्दीवाल्याकडे त्याला आमची कॅसेट सापडली होती. मी आणि आकाश हुरळून गेलो.

तो कॅफे! भिंतीवर मुद्दाम गंजवलेले पत्रे, पाणी लोणच्याच्या बरणीत. शौनक माइकवर म्हणाला, "ही ढोलकी ऐका, वस्तीतली रॉ, कच्ची घाई." अण्णांचं नावही त्याला ठाऊक नव्हतं. समोरची एक मुलगी माझं गाणं चालू असताना स्वतःच्याच तोंडाचं शूटिंग करत होती. मला शिसारी आली.

आकाशने सोबत वाजवायला गिटार आणली होती. त्याने तार छेडली आणि थांबला. पुन्हा छेडली. कॅसेटशी ती जुळेचना. शेवटी त्याने गिटारच्या दांडीवर पहिल्याच घरात सगळ्या तारा दाबणारी क्लिप लावली, सगळे सूर अर्ध्या सुराने वर चढवले, तेव्हा कुठे जुळलं.

"तेव्हा आपण क्लिप लावलेली?" मी विचारलं.

"अगं, क्लिप होती कुणाकडे तेव्हा?" तो म्हणाला.

बसवतो म्हणजे काय, ते अठ्ठावीस वर्षांनी कळलं. त्या माणसाने टेपच जोरात पळवली होती, म्हणून ठेकाही पळाला आणि सूरही चढला. बाकीच्या गाण्यांत आम्ही आधीच पळत होतो म्हणून कुणाला समजलं नाही.

मी शौनकला तिथल्या तिथे लॅपटॉपवर गाणं मूळ गतीला आणायला लावलं. माझा आवाज खाली आला, जाडसर, आहे तसा. आणि ढोलकी शांतपणे, एकेक पाऊल मोजून चालू लागली.

"ताई, ते फास्टच भारी होतं ना," शौनक म्हणाला. "त्यात एक अस्वस्थता होती."

"अस्वस्थता नाही रे, दीड मिनिटाची टेप वाचवली होती हलकटांनी!" मी ओरडले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कार्यक्रमाचा भाग वाटला मेल्यांना.

दुसऱ्या दिवशी सकाळीच नाहूरला अण्णांच्या घरी गेले. अण्णा आता ऐंशीचे. त्यांच्या कानातलं यंत्र नीट बसवलं आणि मोबाइलवर मूळ गतीचं गाणं लावलं. त्यांची बोटं खुर्चीच्या हातावर सुरुवातीपासून बरोबर पडत होती. संपल्यावर मी म्हटलं, "तुम्ही पळाला नव्हता अण्णा. कॅसेट पळवली होती."

"ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"तेव्हाच. ढोलकी मी पेटीच्या पांढरी तीनच्या सुराला लावली होती. कॅसेटवर ती पांढरी चारला बोलत होती. मी पळालो तर ढोलकीचा सूर वर चढतो होय?"

"मग तोंड का नाही उघडलंत त्या दिवशी? मी इतकं बोलले, सगळे हसले..."

अण्णांनी यंत्र कानातून काढून हातात घेतलं. "ढोलकी चढली म्हणजे तुझा आवाजपण चढला होता. तोच तर सगळ्यांना गोड लागत होता, शीतल. मग कसं सांगू?"

शौनकची, त्या कॅफेची, टेपवाल्याची किळस मी वाटभर जपून आणली होती. ती आता कुणाला द्यावी कळेना. ढोलकीची खुंटी रिकामी होती, हे मला आजच दिसलं. "ढोलकी कुठंय?" एवढंच मी विचारलं, पण यंत्र त्यांच्या हातात होतं आणि त्यांना ऐकू गेलं नाही.