पुसलेली तीट

"कोणती गेली गं?" नवऱ्याने दारातूनच विचारलं. आमच्या जुळ्या तान्ह्या मुली, कुसुम आणि सुमन, गोवराने फणफणल्या होत्या. त्यातली एक गार पडली होती. एकीला डाव्या गालावर तीट लावायची मी, दुसरीला उजव्या. घामाने दोन्ही पुसलेल्या. चेहरे सुजलेले. मला सांगता येईना. मग दुसरी रडली. घोगरा आवाज सुमनचा. म्हणजे कुसुम गेली.

आज कडुलिंबावर थंडीतले हिरवट वटवटे पक्षी आलेत, बोटाएवढे. नात दुर्बीण लावून बसली होती.

"आजी, यांच्या जाती वेगळ्या असतात."

"मला तर सगळे एकाच अंड्यातले दिसतात."

"दिसण्यावर जाऊ नकोस. बोलले की कळतं."

एक ओरडून उडाला. तिने लगेच त्याचं नाव सांगितलं. दुसरा मुकाट किडे टिपत राहिला. "हा नाही सांगता येत," ती म्हणाली.

देवाने सारखे जीव घडवावेत आणि ओळख तेवढी गळ्यात ठेवावी, हे काही बरं केलं नाही. गळा थांबला की आईलासुद्धा मागे राहिलेल्या दुसरीच्या रडण्यावरून कळतं.

"आजी, ऐक ना, बोलला!" नात ओरडली. तिचाही घोगरा आवाज, तिच्या आईसारखा.

सुमन जगली. ही तिची मुलगी.