पेवातल्या ज्वारीचा वास

माझी बायको जाऊन अजून महिना झाला नाही. तिला माती दिली त्या दिवशी मठाचे स्वामी ओसरीवर बसून म्हणाले, दुःख माणसाला लागतंच, वाईट आहे म्हणून चांगल्याची किंमत कळते, दोन्हीशिवाय जन्म पुरा होत नाही. बसलेल्या लोकांनी माना हलवल्या. मी हलवली नाही. मी निजामाच्या उर्दू शाळेत दुसरीपर्यंत शिकलेला माणूस. मराठी अक्षरं पुढं दुकानाच्या पाट्या वाचून शिकलो. मोठ्या गोष्टी मला कळत नाहीत. पण वाईट व्हावंच लागतं असं कुणी म्हणालं की मला त्या माणसाचाच संशय येतो. तो कुणाला तरी पाठीशी घालतोय, असं वाटतं. हा संशय मला बायकोनं लावला. कसा लावला ते लिहितो.

निजामाचं राज्य शेवटाला आलं होतं तेव्हाची गोष्ट. आमचं गाव अहमदपूरहून शिरूर अनंतपाळकडं जाताना लागतं. बायको नायगावकडची, नवीनच नांदायला आलेली. पहिली मुलगी झाली होती, अजून मान धरत नव्हती. सरकारची लेव्ही चालू होती. तहसीलची माणसं यायची, घरातली ज्वारी मापून न्यायची, आम्ही खायला किती ठेवायची तेही तेच ठरवायची. म्हणून ज्याच्या घरी पेव होतं त्यानं ते वरून बुजवून टाकलं. पेव म्हणजे जमिनीतला धान्याचा खोल खड्डा. कडेनं कडबा लावायचा, ज्वारी भरायची, तोंडावर दगड आणि वर माती. आमचं पेव गोठ्यात होतं, बैलांच्या पायाखाली. वरून कुणाला काही कळत नव्हतं.

पण पेवातल्या ज्वारीला वास असतो. आंबूस, कुबट. भाकरी तव्यावर पडली की गल्लीभर होतो. पुरलेली ज्वारी दिसत नाही, खाल्ली की कळते. त्यामुळं वडलांनी ठरवलं, पेव उघडायचंच नाही. ज्वारी पायाखाली आणि आम्ही रानातल्या तरोट्याचा पाला उकडून खात होतो. बायकोचं दूध आटलं. पोरगी आधी रडायची, मग रडायचीही बंद झाली. ते जास्त वाईट होतं.

वडलांचा संशय शेजारणीवर होता. एकटी बाई, नवरा मेलेला, आणि तिचा भाऊ पटवाऱ्याकडं शिपाई. वडील म्हणायचे, तिचं नाक आपल्या चुलीकडंच आहे. ती अंगणात आली तरी हे आत जायचे. तिनं पोरीची चौकशी केली तर म्हणायचे, पोरीची नाही, पेवाची करते. मलाही ते खरं वाटायचं. तेव्हा सगळ्या गावाला सगळ्या गावाचं असंच वाटत होतं.

सासऱ्याशी समोरासमोर बोलायची रीत नव्हती. बायकोला काही सांगायचं असलं की ती मांडीवरच्या पोरीशी बोलायची, वडलांना ऐकू जाईल असं. एकदा म्हणाली, "इचार गं आजोबाला, ज्वारी बैलांनी राखायला पुरली का मानसांनी खायला?" वडील माझ्याकडं बघून म्हणाले, पोरीला सांग, सोसायला शीक, सोसल्याबिगर माणूस घडत नाही. वडीलही उपाशीच होते, ते मी खोटं सांगणार नाही. पण त्यांचं घडायचं वय गेलं होतं, आणि पोरीचं अजून यायचं होतं.

एक दिवस दुपारी बायको उठली आणि मधल्या बुटक्या भिंतीवरून शेजारणीला हाक मारली. पीठ मागितलं. सरळ, कसला आडपडदा नाही. शेजारीण भिंतीजवळ आली. मग म्हणाली, "देते. पन वास यील. चालंल का?"

म्हणजे तिच्या घरीही पेव होतं, आणि ते तिनं आपल्या तोंडानं सांगितलं.

बायकोनं भाकरी थापली. वडील दारात आले, वास घेतला आणि तसेच गोठ्याकडं पळाले. त्यांना वाटलं आम्हीच पेव फोडलं. बैल हुसकून माती चाचपून आले, तेव्हा मी खरं ते सांगितलं. त्यांना आनंद झाला नाही. म्हणाले, हा डाव आहे, आज पीठ देईल आणि उद्या आपलं नाव देईल. पुढं रोज भिंतीवरून पीठ येत होतं आणि रोज वडील तेच म्हणत होते. बायको खात होती. दूध यायला लागलं. पोरगी परत रडायला लागली, तो आवाज ऐकून मला हलकं वाटायचं.

मग तहसीलची माणसं आली. शेजारणीच्याच घरात सरळ शिरली, परसात सळई मारली, दगड लागला आणि पेव उघडलं. तिचा भाऊ त्यांच्यातच होता. बहिणीची ज्वारी पोत्यात जात होती आणि तो खाली मान घालून पोती शिवत होता. साहेबानं तिला विचारलं, शेजारच्या गोठ्यात काय आहे? मी भिंतीच्या अलीकडं उभा होतो.

ती म्हणाली, "बैल हायेत."

ते गेल्यावर वडील चुलीपुढं बसले आणि स्वतःच म्हणाले, ती आपलं सांगणार होती, म्हणून मी आधी चावडीवर जाऊन तिचं सांगितलं. मग म्हणाले, तिच्या नशिबात तसंच होतं, वाईट कुणाच्या ना कुणाच्या वाट्याला यायचंच.

बायकोनं त्या दिवशी पोरीकडं बघितलं नाही. पदर सारखा केला आणि सासऱ्याकडंच बघून बोलली. "मामंजी, तिच्या नशिबात नव्हतं ते. तुमच्या तोंडात होतं."

मी उठलो, बैल बाहेर बांधले. पेवाचं तोंड उघडून दिवसभर तसंच ठेवलं, कारण आतली कोंडलेली हवा माणूस मारते. मग कंदील दोरीनं खाली सोडला. जळत राहिला. कमरेला दोरी बांधून उतरलो. वडलांनी अडवलं नाही, दोरीही त्यांनीच धरली.

ही गोष्ट स्वामींना सांगितली असती तर ते म्हणाले असते, बघा, संकट आलं म्हणून तर दोन बायका जवळ आल्या. मला हे पटत नाही. ती भिंत आधीपासून बुटकीच होती. बरं पिकलेल्या सालीही तिच्यावरून पीठ देता आलं असतं. लेव्ही कुणी तरी बसवली, चावडीवर कुणी तरी गेलं, कुणी तरी पोती शिवली. प्रत्येकाला नाव होतं. सगळ्यांची नावं पुसायची असली की म्हणायचं, दुःख लागतंच.

बायकोनं पाटीभर ज्वारी घेतली, पोरगी काखेला मारली आणि या खेपेला भिंतीवरून नाही, रस्त्यानं शेजारणीच्या दारात गेली. मी मागं होतो. बायको म्हणाली, आमच्या पेवातली आहे. मग कुणी सांगितलं होतं तेही सांगितलं. मला वाटलं होतं ते गिळून टाकेल.

शेजारीण म्हणाली, "ठावं हाय मला. पाटी ठिव खाली."

आत या म्हणाली नाही. पाटी रिकामी करून आणली, उंबऱ्याबाहेर ठेवली. मग बायकोच्या काखेतून पोरगी घेतली, दोन्ही हातांवर जोखून बघितली, आणि जरा भरली गं म्हणत परत दिली.