भिंतीकडचं चाक

आमच्या गल्लीत ह्यांना कोणी नावाने हाक मारत नाही. सगळे बघूकाका म्हणतात. काहीही विचारलं की हे आधी "बघू" म्हणतात, त्यावरून पडलेलं नाव. लग्नाच्या वेळी माझ्या वडिलांनी कोणती तारीख सोयीची म्हणून विचारलं, तेव्हाही हे "बघू" म्हणाले होते. वडील दोन दिवस तोंड पाडून बसले, त्यांना वाटलं मुलाने नकार दिला.

ह्यांची नोकरी वजनकाट्यावर. भरलेला ट्रक काट्यावर उभा राहतो, हे आकडा बघतात, चष्मा पुसतात, परत बघतात, मग चिठ्ठी फाडून देतात. मागे लागलेल्या रांगेतले ड्रायव्हर काय काय बोलतात ते मी इथे सांगत नाही. ह्यांना ते ऐकू येत नाही असं हे म्हणतात. मला विचाराल तर ह्यांना घरातलंही बरंचसं ऐकू येत नाही, आणि कान मात्र ठणठणीत आहेत.

तर अशा माणसाच्या डोक्यात ट्रेलर शिरला. निवृत्त झाल्यावर ट्रॅक्टरवाल्यांना भाड्याने द्यायचा, बसल्या जागी उत्पन्न. दोन चाकांचा जुना ट्रेलर कुठूनसा मिळाला, फक्त त्याची दोन्ही चाकं आधीच्या मालकाने काढून घेतली होती. म्हणजे ट्रेलर मिळाला, चाकंच तेवढी नव्हती. क्रेनवाल्याने तो आणून आमच्या अंगणात लाकडी ठोकळ्यांवर ठेवला. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाट राहावी म्हणून अगदी घराच्या भिंतीला खेटून. मध्ये वीतभर फट राहिली.

त्याच भिंतीत सासूबाईंच्या खोलीची खिडकी आहे. मी म्हटलं, "अहो, खिडकी झाकली गेली." हे म्हणाले, "चार दिवसांचा प्रश्न आहे. चाकं मिळाली की गल्लीच्या तोंडाशी मोकळी जागा आहे, तिथे नेऊन लावतो."

तेव्हा सासूबाई हिंडत्या-फिरत्या होत्या. खोलीत फक्त झोपायला जायच्या, बाकी दिवसभर गल्लीभर. कोणाकडे पाहुणे आले, कोणाची सून रुसली, सगळी बातमी आधी त्यांच्याकडे. मग त्या न्हाणीघरात घसरल्या आणि कमरेचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, या वयात आता उठणं कठीण. तेव्हापासून त्या पलंगावर आणि पलंग खिडकीला लावलेला. खोली अंगणापेक्षा दोन पायऱ्या खाली आहे. पडल्या पडल्या एरवी रस्ता दिसला असता, तिथे त्यांना ट्रेलरचं पोट दिसायचं.

सासूबाईंचं मागणं तेवढंच होतं. औषध बदला म्हणाल्या नाहीत, लेकीकडे न्या म्हणाल्या नाहीत. "तेवढा रस्ता दिसला तर बरं," एवढंच. सुरुवातीला आठवड्यातून एकदा म्हणायच्या, पुढे पुढे बोलायच्या बंद झाल्या. मग त्यांच्या वाटचं मी बोलायला लागले, आणि मी आठवड्यातून एकदा बोलत नाही.

हे रोज कामावरून आले की त्यांच्या दारात उभे राहायचे. "जेवलीस का?" "जेवले." "बरं." एवढं झालं की वळायचे. आईवर ह्यांचा जीव आहे, नाही असं नाही. पण त्या खोलीत पाऊल टाकलं की ह्यांना काय करावं ते सुचत नाही, म्हणून टाकायचे नाहीत.

चाकं मात्र शोधत होते, मनापासून. नवीन चाकं परवडणारी नव्हती, म्हणून ट्रकची वापरलेली. आता मला वाटायचं चाक म्हणजे चाक, गोल असलं की झालं. तसं नसतं म्हणे. ट्रेलरच्या दांड्याच्या टोकाला लोखंडी हब असतो, त्यावर गोलात बोल्ट उभे असतात. चाकाची भोकं त्या बोल्टांवर बरोबर बसली पाहिजेत. भोकं जमली तर मधलं मोठं भोक हबवर जायला हवं. तेही गेलं तर चाक आत किती जातं ते बघायचं, नाहीतर टायर ट्रेलरच्या पत्र्याला घासतो. हे सगळं ह्यांनी मला जेवताना समजावलं, मी विचारलेलं नसताना.

भंगारवाले चाक घरी लावून बघायला देत नाहीत. मग ह्यांनी युक्ती काढली. जाड पुठ्ठा अंगणाकडच्या हबवर दाबून धरला, वरून हातोडीने हळूहळू ठोकलं. बोल्टांचे ठसे उमटले. तिथे भोकं पाडली. आठ. हा साचा घेऊन हे भंगारवाल्यांकडे हिंडायला लागले.

"आणि भिंतीकडची बाजू?" मी विचारलं.

"तिथे माणूस शिरतो का? आणि दोन्ही बाजू सारख्याच असतात. तुझा एक पाय आठ नंबरचा आणि दुसरा दहा नंबरचा आहे का?"

माझे पाय सारखे आहेत.

असे महिने गेले. एका चाकाची भोकं जमली, पण मधलं भोक लहान निघालं. एकाचं सगळं जमलं, पण काठाला केसाएवढी चीर होती, ती ह्यांनी नखाने शोधली. नको म्हणून परत आले. शेवटी मी म्हटलं, या खेपेला मीही येते. एकटं सोडलं तर हे संध्याकाळी साचाच तेवढा घेऊन घरी येतात.

निघताना साचा धड आहे ना बघायला हे सासूबाईंच्या दारातल्या उजेडात उभे राहिले. सासूबाईंनी मान वळवली.

"त्याला आठच भोकं का रे?"

"आठच असतात, आई. तू आराम कर."

"आरामच करतेय," सासूबाई म्हणाल्या.

भंगाराच्या वखारीत चाकांचे ढीग होते. ह्यांनी एकेक चाक पाडायला लावलं, साचा लावला, आतून चाचपलं, हातोडीने वाजवून कान लावला. भंगारवाल्याला घाम फुटला. म्हणाला, "काका, चाक न्यायचंय का सोयरीक जमवायचीय?" हे म्हणाले, "सोयरीक एकदा चुकली तरी निभावते." मी तिथेच उभी होते. त्यांच्या ते लक्षात आलं नाही.

पण या खेपेला जोडी मिळाली. आठ भोकं, साच्यावर बरोबर. मधलं भोक बरोबर. चीर नाही, टायर अजून धड. ह्यांनी सगळं पहिल्यापासून परत तपासलं, मग म्हणाले, "घेऊ." माझा जीव भांड्यात पडला. सबंध संसारात हा शब्द मी मोजक्या वेळा ऐकलाय.

घरी आल्यावर अंगणाकडचं चाक चढवलं. शेजारचे दोघे मदतीला आले होते. चाक बोल्टांवर असं सरकत गेलं की शेजारी म्हणाले, वा. हे नट आवळताना शीळ घालत होते. आता पहार लावून दुसरी बाजू भिंतीपासून जरा सरकवायची, जागा झाली की दुसरं चाक चढवायचं, एवढंच काम उरलं. धूळ उडेल म्हणून खिडकी लावून घ्यायला हे आत गेले. मी पाण्याचा तांब्या घेऊन मागोमाग.

"आई, जरा खिडकी लावतो."

"लाव. पण ते चाक इथे बसायचं नाही."

"का?"

"इथे दहा आहेत."

हे दारातच थांबले. मग आत आले. खिडकीपाशी जायला पलंगाखेरीज वाट नाही, म्हणून सासूबाईंचे पाय जरा बाजूला करून पलंगावर बसले आणि खाली वाकून बाहेर बघितलं. मग मला म्हणाले, "साचा दे."

गजांमधून हात घालून त्यांनी साचा भिंतीकडच्या हबवर धरला. इकडून फिरवला, तिकडून फिरवला. पुठ्ठा काही बोल्टांवर बसेना. आधीच्या मालकाने कधीतरी मोडलेला हब काढून दुसऱ्याच गाडीचा बसवला असणार.

"वरून तिसऱ्या बोल्टचे आटे गेलेत," सासूबाई पडल्या पडल्या सांगू लागल्या. आवाज नेहमीचाच, भाजीत मीठ कमी आहे सांगावं तसा. "त्याच्या शेजारच्याला कोळी असतो. मधे गेला होता कुठे, परत आलाय. सकाळी ऊन येतं ते खालच्या दोघांवर येतं आणि जातं. बाकीच्यांवर येतच नाही."

"तुला हे सगळं..." हे म्हणाले.

"दुसरं काय बघू रे?"

त्या चिडून म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. मी रोज त्याच पलंगावर बसून त्यांचे केस विंचरत होते, मला तिथे गंजलेलं लोखंड आहे एवढंच ठाऊक होतं. मला रडू आलं. तांब्या ठेवायला म्हणून मी बाहेर आले आणि तो परत घेऊन आत गेले.

हे अजून पलंगावरच होते. साचा मांडीवर, डोकं सासूबाईंच्या उशीच्या उंचीला आणून बाहेर बघत होते. मी जन्मात त्यांना समोर आकडा नसताना इतका वेळ काही बघताना पाहिलं नाही. सासूबाई त्यांच्याकडे बघत होत्या. बऱ्याच दिवसांनी खोलीत बघायला काहीतरी वेगळं होतं.

मग हे उठले, बाहेर गेले आणि शेजाऱ्यांच्या देखत क्रेनवाल्याला फोन लावला. क्रेनवाला नको ते विचारत होता. ट्रेलर मावेल एवढी जागा आहे का, खाली जमीन कशी आहे, एक चाक लावून का उचलताय.

"मला माहीत नाही," हे म्हणाले. "तुम्ही या. आधी इथून उचला."

शेजारी एकमेकांकडे बघायला लागले. त्यातल्या एकाने मला हळूच विचारलं, काकांची तब्येत बरी आहे ना.

क्रेन आली आणि ट्रेलर उचलला गेला. एका बाजूला चाक, दुसरी बाजू मोकळी, असा लंगडा ट्रेलर गल्लीच्या तोंडाशी वाकडा उभा केला. अजून तसाच आहे. येणारे-जाणारे हसतात. दुसरं चाक आमच्या जिन्याखाली पडलंय, त्याचं काय करायचं म्हणून विचारलं तर उत्तर तुम्हाला ठाऊकच आहे.

त्या दिवशी मी सासूबाईंच्या पाठीला दोन उशा लावल्या. खिडकीची काच पुसली. समोर रस्ता, गॅरेजची भिंत आणि विजेचा खांब. बघण्यासारखं खरं तर काही नाही. सासूबाई बघत राहिल्या.

"खांब नवा पुरलाय का?"

"जुनाच आहे, आई," हे म्हणाले. दारातून नाही, पलंगावर बसून. "ट्रकने धडक दिली, वाकलाय."

"असं होय." मग जरा वेळाने म्हणाल्या, "तू कामाला याच रस्त्याने जातोस ना?"

"हो."

"मग जाताना हात करत जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी हे डबा घेऊन निघाले, खिडकीसमोर रस्त्यावर थांबले आणि हात केला. सासूबाई तेव्हा खांबावर बसलेल्या कावळ्याकडे बघण्यात गुंग होत्या. हे तिथेच उभे राहिले. कावळा उडेपर्यंत थांबले आणि मग परत हात केला.