हेझर आणि माझा दिवा

"चालू केलंय," दुकानदार म्हणाला, तरी आमच्या गोदामात काहीच दिसेना. धुराच्या मशीनसारखा ढग नाही की वास नाही. हे हेझर, विरळ धुकं सोडणारं. मग मी वरचा दिवा लावला आणि छतापासून फरशीपर्यंत उजेडाचा तिरपा खांब उभा राहिला.

वसुधाताईंनी, आमच्या दिग्दर्शिकेने, त्यात हात घातला. "अगंबाई, किती सुंदर!"

मला झोंबलंच. त्यांच्या प्रत्येक नाटकाची प्रकाशयोजना माझी. हाच दिवा, हाच कोन. पण आजवर "जरा वाढव रे" यापलीकडे शब्द नाही. आणि या आजच आलेल्या उपऱ्या धुक्याला "सुंदर"! उजेडाचं नशीबच असलं. तो बाकी सगळं दाखवतो, पण वाटेत कुणी आडवं आल्याशिवाय स्वतः दिसत नाही. मग आडवं येणाऱ्याचंच कौतुक.

"हेच घेऊ," ताई म्हणाल्या.

"नको, प्रेक्षक खोकतील," मी म्हणालो आणि पुराव्यादाखल खोकलोसुद्धा.

ताई हसल्या. "अरे, खोकायला धूर लागतो. इथे काही जळतंय का?"

मी घाईघाईने दिवा बंद केला. माझा चेहरा त्या उजेडात होता.