बाहेरून कुलूप

आम्ही बोईसरला राहायला आलो तेव्हा आमच्या बिल्डिंगमधले निम्मे फ्लॅट बंद होते. मुंबईच्या लोकांनी ते घेऊन ठेवले होते, राहायला कोणी येत नव्हतं. आमच्या डोक्यावरचा, तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅटही तसाच.

नवरा केमिकल कंपनीत ऑपरेटर. तो पहिल्या पाळीला गेला की घरात मी आणि माझं शिलाई मशीन. आम्ही मूळचे सांगलीकडचे, इथं ओळखीचं कोणी नव्हतं. दुपारी मशीन थांबवलं की वरून आवाज यायचे. भांडं फरशीवर टेकल्याचा. काहीतरी हळूच ओढल्याचा. एकदा तर खोकल्याचा.

नवरा म्हणाला, "उंदीर असतील."

"उंदीर खोकतात का?"

तो हसला, पण मला दुपारी घरात एकटीला बसवेना. शेवटी मी सोसायटीच्या सेक्रेटरींना सांगितलं, वरच्या फ्लॅटमध्ये काहीतरी आहे. "बघतो मालकांना फोन करून," ते म्हणाले. मग पुष्कळ दिवस काहीच झालं नाही.

एकदा मी गच्चीवर कुरडया वाळत घालून खाली येत होते. तिसऱ्या मजल्यावर पाय अडखळला. जिन्याच्या खिडकीतलं ऊन त्या बंद दाराखालच्या फटीपर्यंत पोचलं होतं, आणि त्या उन्हात चार बोटं होती. लहान मुलाची. ती उन्हावर आपटत होती, जशी मुलं पाण्यावर आपटतात.

दाराला बाहेरून कुलूप होतं. सगळीकडे धूळ होती, कुलूप मात्र लख्ख.

"कोण आहे?" मी विचारलं. बोटं सर्रकन आत गेली.

मग दाराच्या अगदी जवळून बाईचा आवाज आला. "बाई, कुनाला सांगू नका. आमी चोर नाय."

मी पायरीवर बसले. पुढे कितीतरी दुपारी तशी बसले. ती बाई जव्हारकडच्या डोंगरातली. नवराबायको आमच्याच बिल्डिंगच्या कामावर होती, खाली पत्र्याच्या खोपटात राहायची. काम संपलं, खोपटं पाडली. नवरा दुसरं काम बघायला गेला तो परत आलाच नाही. गावाला पावसावरचं एवढंसं वावर होतं, ते दिराकडे. विकण्याआधी फ्लॅट झाडायला म्हणून सुपरवायझरने हिच्याकडे चावी दिली होती. ती परत मागायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

"ह्या भिंतींना पानी मीच मारलंय," ती एकदा म्हणाली. "रोज दोन टाइम. सुकली तर तडकते."

थोरली मुलगी सतरा वर्षांची, एका कंपनीत पॅकिंगला जायची. ती सकाळी अंधारातच आईला आणि धाकटीला आत ठेवून बाहेरून कुलूप लावायची. बाहेरून कुलूप असलं की कोणी संशय घेत नाही, हे तिचंच डोकं. संध्याकाळी बाटल्यांमधून पाणी घेऊन ती परत यायची. धाकटी सहा वर्षांची. तिला दिवसभर पळायचं नाही, हसायचं नाही, मोठ्यानं बोलायचं नाही.

मी दाराखालून खायला द्यायला लागले. भाकरी फटीतून जायची नाही, पोळी जायची. कागदावर ठेवून सरकवायची. पलीकडून कागद ओढला जायचा. आईचं तोंड मी तोवर पाहिलंच नव्हतं.

एका दुपारी तारापूर एमआयडीसीकडे मोठा स्फोट झाला. खिडक्यांच्या काचा थरथरल्या, सायरन वाजला. सगळे धावत खाली गेले, मीही गेले. गेटपाशी पोचल्यावर मला वरच्या दोघींची आठवण झाली. कुलूप बाहेरून, चावी मुलीकडे. मी वर गेले नाही. तासाभराने सगळे आपापल्या घरात परतले. दुसऱ्या दिवशी मी पोळी सरकवली आणि पलीकडून रोजच्यासारखाच कागद ओढला गेला.

नंतर एका रविवारी सेक्रेटरी कुलूपवाल्याला घेऊनच आले. फ्लॅट विकायला काढला होता आणि मालकांनी आधी बघून घ्या म्हणून सांगितलं होतं. जिन्यात दहाबारा जण जमले. माझा नवराही होता. सेक्रेटरी माझ्याकडे वळले. "वहिनी, तुम्हीच म्हणाला होतात ना, आत काहीतरी आहे?"

तेव्हा म्हणता आलं असतं, की मला भास झाला होता. दोन दिवसांची मुदत मागता आली असती. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, "हो."

त्या रविवारी थोरली घरीच होती, म्हणजे दाराला आतून कडी होती. कुलूपवाल्याला काही करावंच लागलं नाही. दार आतूनच उघडलं. तिघीही कपडे बोचक्यात बांधून उभ्या होत्या. आत फरशी आरशासारखी पुसलेली. आई माझ्याहून लहान होती, हे मला तेव्हा कळलं. तिने कोणाशी वाद घातला नाही. चावी सेक्रेटरींच्या हातात दिली आणि माझ्याकडे न बघता पायऱ्या उतरली.

मी घरात येऊन दार लावलं. नवऱ्याने विचारलं, "तुला माहीत होतं?" मी मशीनवर बसले आणि सुई ओवत राहिले.

वर्षानंतर मी मनोरच्या बाजारात सुकी मासळी घेत होते. शेजारच्या भाजीच्या गाळ्यावर एक मुलगी मेथीच्या जुड्या बांधत होती. तिने मला आधी ओळखलं; वरच्या फ्लॅटमधली थोरली. मी विचारत गेले, ती काम न थांबवता सांगत गेली. पहिले काही दिवस वैतरणा स्टेशनवर काढले. तिथून उठवलं. आई आता वीटभट्टीवर, हंगाम असेल तिथं. धाकटी आश्रमशाळेत. "शाळेतल्या बाई तिला सांगतात, मोठ्यानं वाच. ती व्हटच हलवते."

"आणि तू?"

"हितंच झोपते, गाळ्याच्या मागं. मालकीन बरी हाय."

मी म्हणाले, "त्या दिवशी मी हो म्हणाले."

"आइकलं आमी. दाराच्या मागंच उभ्या होतो ना." तिने जुडीला सुतळीची गाठ मारली. "त्याचं काय नाय. पन आमी दुपारपर्यंत समोरच्या रिक्षा स्टँडला बसलो होतो. आय म्हनायची, थांबा, बाई हाक मारतील."

माझ्या खिडकीतून तो रिक्षा स्टँड दिसतो. त्या दिवशी मी खिडकीशी गेलेच नव्हते.

मी तिला म्हटलं, घरी ये, आईला घेऊन ये. पत्ता सांगायची गरज नव्हती. "व्हय," ती म्हणाली. जसं गिऱ्हाइकाला म्हणतात तसं. तेवढ्यात एक बाई मेथीचा भाव विचारू लागली आणि ती तिच्याकडे वळली. बोईसरची एसटी लागली होती. मी दोन जुड्या घेतल्या आणि निघाले. ती आजवर आलेली नाही. मनोरला मी नंतर दोनदा गेले. त्या गाळ्यावर दुसरंच कोणी बसलं होतं, आणि तिच्याबद्दल विचारायला मला तिचं नावही माहीत नव्हतं.