गादीवरचं प्लास्टिक

आमच्या घराण्यात कॉलेज पूर्ण केलेला पहिला माणूस मी. त्याचा मला अभिमान आहे. आणि बारीक अक्षर वाचल्याशिवाय काही विकत घ्यायचं नाही, ही सवयही तिथलीच.

उजवा खांदा धरला होता. कोथरूडहून स्कूटरवर खराडीला पोचेपर्यंत ठणकायला लागायचा. ऑफिसात वरच्या कप्प्यातली फाईल डाव्या हातानं काढावी लागे. मी पहिल्यापासून उजव्या कुशीवर झोपणारा. डॉक्टर म्हणाले, "कुशीवर झोपता आणि गादी दगडासारखी. खांदा जाईल कुठे? जरा मऊ घ्या." त्यांनी एक दुकानही सुचवलं. त्या दुकानात मुळीच जायचं नाही, हे मी त्यांच्या जिन्यातच ठरवलं.

मऊ गादीवर माझा विश्वासच नव्हता. गावी आम्ही सगळे जमिनीवर वाकळ टाकून झोपलो. मऊ गादी ही आजाऱ्यांची किंवा लग्नातल्या पाहुण्यांची.

बायकोला घेऊन दुसऱ्याच एका दुकानात गेलो. तिथला विक्रेता म्हणाला, "सर, मेमरी फोम. तुमच्या बॉडीचा शेप लक्षात ठेवतो."

"ठेवून काय करतो?"

त्यानं गादीच्या अटींचा कागद पुढे केला. मी तळहातानं गादी दाबत राहिलो.

बायको म्हणाली, "अहो, तळहातावर झोपता का तुम्ही? आडवे व्हा."

चार लोकांसमोर आडवं होणं म्हणजे संकटच. मोज्यांसकट उताणा पडलो, हात पोटावर.

"घरी असे झोपता? कुशीवर वळा!"

भिंतीकडे तोंड करून वळलो. खांदा अलगद आत गेला, कंबर मात्र वरच राहिली. फार बरं वाटलं. इतकं, की संशय आला. पण कागदावर लिहिलं होतं: महिन्याभरात पसंत न पडल्यास परत, गादी मूळ स्थितीत असावी. हे मी दोनदा वाचलं आणि मगच घेतली.

घरी गादी आणणारा माणूस प्लास्टिक काढायला लागला. मी त्याला थांबवलं. मूळ स्थिती म्हणजे मूळ स्थिती. प्लास्टिकवरच चादर घातली. कूस बदलली की चिवड्याची पिशवी उघडल्यासारखा आवाज व्हायचा, घामानं अंग चिकटायचं. आणि खांदा? आधीपेक्षा जास्त.

रविवारी सकाळी दुकानात फोन केला. "मला झोपवलंत ती गादी ही नाही. बदलून पाठवलीत."

"सर, तीच आहे."

"तुम्ही असंच म्हणणार."

बायको गवार निवडत ऐकत होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "प्लास्टिक ढोलकीच्या पानासारखं ताणलेलं आहे. खांदा आत जाणार कसा? त्या फोमला तुम्ही अजून दिसलाच नाहीत."

"काढलं तर परत घेणार नाहीत."

"आणि खांदा निकामी झाला तर तो कोण परत घेणारे?"

मी कागद पुन्हा काढला. प्लास्टिकबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं, ना काढा, ना ठेवा. दुकानात विचारता आलं असतं. पण त्यांच्या उत्तरावर मी विश्वास कुठे ठेवणार होतो? शेवटी कात्री घेतली आणि फक्त माझ्या बाजूचं, उशीपासून कमरेपर्यंतचं प्लास्टिक सरळ रेषेत कापलं.

"आणि मी चिवड्यावरच झोपू?"

"तुझा कुठे खांदा दुखतोय?"

तिनं कात्रीही मागितली नाही. कापलेल्या कडेला धरून एका ओढीत सगळं टराटरा फाडलं. आता गादी काही परत जाणार नव्हती.

दुपारी जेवून उजव्या कुशीवर पडलो. खांदा आत गेला, दुकानातल्यासारखाच. चहाची हाक आली तेव्हा जाग आली.

दुखणं एकदम गेलं नाही, पण हळूहळू वरच्या कप्प्यातली फाईल उजव्या हातानं निघायला लागली. प्लास्टिकचे तुकडे घडी करून माळ्यावर ठेवलेत. मध्ये दुकानातून फोन आला होता, "सर, आता गादी कशी वाटते?"

"अजून बघतोय," मी म्हणालो.