दम्याच्या गोळ्या आणि जावेचा नायटा

माझ्या दम्याच्या गोळ्या मी धाकट्या जावेला नायट्यावर दिल्या. मी पन्नाशी उलटलेली, दोन सुनांची सासू झालेली बाई, आणि अक्कल एवढी!

संकेश्वरजवळ आमचं गाव. जाऊ उसाला पाणी पाजून ओल्या परकरानंच घरी यायची. नाडीखाली, कमरेभोवती दोन वर्षं नायटा. खाजवून रक्त काढायची. "तिथली जागा कुणाला दाखवू, आक्का?" म्हणायची. त्याच गोळ्यांनी माझ्या अंगावरचं पित्त एकदा बसलं होतं. झाले की मी डॉक्टरीण! दोन दिवसांत तिची खाज थांबली. मग मी माझीच जुनी चिठ्ठी दाखवून तिला सहा महिने गोळ्या आणल्या. नायटा पाठीवर चढला, पण खाज नाही म्हणून आम्ही खूश. तिचे गाल फुगले, तेही मीच गल्लीभर मिरवले. "बघा, कसं बाळसं धरलंया माझ्या जावेनं!"

पुढे दुकानदारानं नवी चिठ्ठी मागितली आणि गोळ्या बंद पडल्या. चौथ्या दिवशी ती ओकून ओकून परसात कोसळली. बेळगावला नेलं, तर बीपी पार तळाला.

डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडांवरच्या इवल्या ग्रंथी रोज एक हार्मोन बनवतात. ते सूज आवरतं, दुखण्यात माणसाला उभं ठेवतं. गोळीतून ते आयतं मिळाल्यावर ग्रंथी निजल्या, आणि गोळ्या एकदम थांबल्या तेव्हा जाग्याच झाल्या नाहीत, म्हणून ती कोसळली. गोळीनं नायट्याची बुरशी मेलीच नव्हती. बुरशीशी भांडताना अंगात होणारी आग तेवढी विझली, म्हणून खाज गेली आणि बुरशीला रान मोकळं झालं. गालही त्या गोळ्यांनीच फुगले होते.

"कुणी दिल्या या गोळ्या?" त्यांनी विचारलं.

गावभर औषधं सांगत फिरणारी मी खिडकीबाहेरच्या रिक्षा बघत राहिले.

सलाइन लावलेली जाऊच पुटपुटली, "मीच आणल्या, सायेब."

तेव्हाही मी रिक्षाच बघत होते.

डॉक्टरांनी गोळ्या पुन्हा सुरू करून हळूहळू कमी केल्या, नायट्याला बुरशीचं औषध दिलं. ती सावरायला कितीतरी महिने गेले. एका सकाळी दोघी शेंगा फोडत बसलो होतो. धीर करून म्हटलं, "माझ्या गोळ्यांनी तुझी दशा केली गं."

ती शेंगा फोडतच म्हणाली, "गोळ्यांचं काय न्हाय वो आक्का, त्या मीच गिळल्या. पर डाक्टर इचारत हुतं, तवा तुमी माझ्याकडं एकदा बघायचं तरी हुतं."